दोन जहाजं आणि एक चादर

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात दोन जहाजांच्या शर्यतीचं एक भलंमोठं चित्र आहे. ते तिथे कोणी लावलं, कधी लावलं आणि का लावलं, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात पाणी आहे, एवढाच त्याचा आमच्या खात्याशी संबंध. पण सहा फूट रुंद चित्रात कडेपासून कडेपर्यंत पाणी असणं ही आमच्या खात्याच्या दृष्टीने मोठी कामगिरी आहे. तीन दिवस नळ कोरडा म्हणून भांडायला आलेला माणूस रांगेत उभा राहतो, समोर बघतो, आणि माझ्या खिडकीशी येईपर्यंत त्याचा आवाज निम्म्याने उतरलेला असतो. मला पगार मिळतो तो खरं म्हणजे त्या चित्राला मिळायला हवा.

माझं टेबल बरोबर त्याच्या समोर आहे. त्यामुळे गेली दोन वर्षं मी ते चित्र कार्यालयीन वेळेत, सरकारी नजरेने बघत आलो आहे. पुढच्या जहाजाला अकरा शिडं आहेत, मागच्याला तेरा. समुद्र निळा नाही, हिरवट आहे, आणि जिथे जहाज त्याला कापत जातं तिथे तो इतका पांढरा फुटतो की उन्हाळ्यात नुसतं बघून मान गार पडते. आडव्या लाकडांवर मुंगीएवढी माणसं ओणवी होऊन दोर ओढताहेत. त्यातल्या एकाची टोपी उडाली आहे. ती हवेत आहे. ज्या माणसाने ती टोपी रंगवली त्याच्याबद्दल मला इतका आदर वाटतो की मी जेवणाचा डबा उघडतानाही चित्राकडे पाठ करत नाही.

तर एका सोमवारी वरून परिपत्रक आलं. कार्यालयाच्या भिंतीवर जे जे टांगलेलं आहे त्याचा तपशील ठरावीक तक्त्यात द्यावा. रकाने चार: वस्तूचे नाव, वस्तूत काय दिसते, वस्तू चालू आहे की बंद, आणि माहिती देणाऱ्याची पात्रता. ज्या वस्तूचा समाधानकारक तपशील मिळणार नाही ती शुक्रवारी उतरवून भांडारात जमा.

आमचं भांडार तळघरात आहे. त्याच्या छतातून बारा महिने पाणी गळतं. चोवीस तास अखंड पाणीपुरवठा आमच्या खात्याला फक्त त्या एका खोलीत जमला आहे. तिथे गेलेलं लाकडी कपाट परत वर आणलं तेव्हा त्याला पालवी फुटायची बाकी होती. चित्र तिथे गेलं तर पहिल्या आठवड्यात टोपी जाईल आणि महिन्याभरात दोन्ही जहाजं बुडतील.

"तू दिवसभर तिकडेच बघत असतोस," हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "तूच लिही."

हेडक्लार्क बाई चोवीस वर्षं या विभागात आहेत. त्या कोणावर चिडत नाहीत. त्या फक्त चष्म्यावरून बघतात आणि समोरच्याला आपली चूक आपोआप आठवते.

बाकीच्या वस्तूंचा तक्ता मी अर्ध्या तासात भरला. घड्याळ: वेळ दाखवते, बंद. पंखा: धूळ दाखवतो, बंद. सूचना पेटी: किल्ली सापडत नाही, बंद. चित्रापाशी मात्र पेन थांबलं. 'काय दिसते' या रकान्यात दोन जहाजं एवढं लिहून भागलं असतं, पण परिपत्रकात खाली बारीक अक्षरात म्हटलं होतं की 'दृश्यामागील अर्थ स्पष्ट करावा'. मी चित्राचा फोनवर फोटो काढला आणि तो अर्थ शोधायला घरी घेऊन गेलो. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तो बाबांना दाखवला.

बाबांनी तीस वर्षं बस चालवली. जगातल्या कुठल्याही हलणाऱ्या वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असतं. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग म्हणाले, "चित्रकार अडाणी आहे."

मला लागलं. कोणी माझ्या पत्रिकेबद्दल बोललं असतं तर लागलं नसतं इतकं लागलं.

"का हो बाबा?"

"झेंडे बघ. जहाजं उजवीकडे चाललीत ना? मग झेंडे डावीकडे उडायला हवेत. इथे दोन्ही झेंडे उजवीकडे, पुढे उडतायत. तीस वर्षं गाडी चालवली मी. टपावर काहीही बांधा, ते मागे फडफडतं. एकदासुद्धा पुढे फडफडलेलं बघितलं नाही."

मी बघितलं. खरंच झेंडे पुढे उडत होते. दोन वर्षं मी टोपीकडे बघत बसलो आणि झेंड्यांकडे लक्षच गेलं नव्हतं.

"जहाजं रिव्हर्समध्ये असतील," मी चित्रकाराच्या बाजूने क्षीण प्रयत्न केला.

"रिव्हर्समध्ये शर्यत लावत नाहीत," तारमास्तर म्हणाले. तळमजल्यावरचे तारमास्तर रोज संध्याकाळी आमचं वर्तमानपत्र वाचायला येतात. जगातून तार बंद झाली ते त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. त्यांनी फोन ओढून घेतला आणि मागच्या जहाजाच्या कडेला दोरीवर लटकणाऱ्या चार पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे बघ. हा संदेश आहे. लांब, आखूड, आखूड, लांब."

"काय म्हणतोय?"

त्यांनी डोळे मिटले. टेबलावर बोटाने टकटक केली. "मदत पाठवा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "किंवा 'मुलगा झाला'. पण समुद्रात मदतच असणार."

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच म्हणाली, "बघू दे मला एकदा."

"अगं, जहाजाचं आहे," बाबा म्हणाले.

"बरं," आई म्हणाली आणि राहिलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. तिचं 'बघू दे मला एकदा' मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं. ही माझी तिसरी चूक, आणि आकाराने पहिल्या दोन्हींहून मोठी.

एक अनुभवी चालक आणि एक संदेशतज्ज्ञ घरात असताना मी आणखी कोणाला विचारणार? मंगळवारी मी सुवाच्य अक्षरात टिपणी लिहिली: 'चित्रात दोन जहाजे दिसतात. दोन्हींचे झेंडे चित्रकाराच्या नजरचुकीने उलट दिशेस फडकत आहेत. मागील जहाज संकटात असून त्याने मदत मागितली आहे. पुढील जहाज तिकडे लक्ष न देता निघून जात आहे.'

हेडक्लार्क बाईंनी ती दोनदा वाचली. "चूक, संकट आणि दुर्लक्ष," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं हे चित्र दुसऱ्या कुठल्या देशाचं असेल. हे तर आपल्याच विभागाचं निघालं." आणि सही करून कागद वर पाठवला.

आमच्याकडे फुटलेल्या पाइपची तक्रार साहेबांच्या टेबलावर पोचायला तीन आठवडे लागतात. ही टिपणी बुधवारी सकाळी शेरा घेऊन परत आली. साहेबांचं अक्षर लहान आणि सरळ आहे, रागातही रेघ सोडत नाही. 'मदत मागणाऱ्याकडे दुर्लक्ष करणारे, शिवाय चुकीचे चित्र तक्रार विभागात लावणे योग्य नाही. शुक्रवारी दुपारी उतरवून भांडारात जमा करावे.'

चित्राला वाचवायला म्हणून मी लिहायला बसलो होतो आणि मीच त्याला तळघराचा रस्ता दाखवला होता. त्या दिवशी रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "यातलं जिंकतं कोण हो?" मी म्हणालो, "भांडार." त्यांना कळलं नाही. त्यांनी टँकरचा अर्ज मागितला.

संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. दुःखी माणसाने गच्चीवर जावं असा आमच्या इमारतीत रिवाज नाही, कारण तिथे जागा नसते. सगळीकडे दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे. आई एका दोरीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोरच्या दोरीकडे अशी बघत होती जसं मी साहेबांच्या शेऱ्याकडे बघितलं होतं.

"परत घातल्या," ती म्हणाली. "वरच्या काकूंनी परत त्यांच्या दोन्ही चादरी वाऱ्याच्या बाजूला घातल्या. आता आपलं काही वाळत नाही. बघ, कशी लुळी पडलीय आपली चादर."

समोरच्या दोरीवर काकूंच्या चादरी पोट फुगवून उभ्या होत्या. त्यांच्या आड आमची चादर ओल्या पोत्यासारखी लोंबत होती.

"आई, मला चादरीचं सांगू नकोस. माझं चित्र चाललं तळघरात."

"बघू तरी दे," ती म्हणाली. हात पदराला पुसून तिने फोन घेतला. बाबांसारखा लांब धरला नाही की जवळ आणला नाही. दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. खालून कोणाच्या तरी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या तरी ती बघतच होती.

"किती छान काढलंय रे," ती म्हणाली. "कापड कसं असतं ते माहीत आहे याला."

"झेंडे चुकलेत."

"कुठे चुकलेत? वारा मागून आहे. जहाजाला ढकलणारा वाराच झेंड्याला ढकलणार. मागून जोराचा वारा असला की माझा पदर पुढे येतो, मी चालत असले तरी. तुझ्या बाबांची बस काय वाऱ्यावर चालायची?"

 काही क्षण असे असतात की माणसाने न बोलता आपल्या शिक्षणाचा विचार करावा.

"आणि हे मदतबिदत काही नाही," ती ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाली. "सदरे आहेत. बाह्या दिसत नाहीत? धुऊन वाळत घातलेत." मग तिने फोटो पुढच्या जहाजावर सरकवला आणि तिचा चेहरा बदलला. वरच्या काकूंच्या चादरींकडे बघताना होतो तसा झाला. "हे पुढचं हरणार."

"आई, ते पुढे आहे."

"आहे. पण त्याचं खालचं शीड बघ. लुळं पडलंय. मागच्याने बरोबर त्याच्या वाऱ्यात येऊन आपली चादर धरलीय. सगळा वारा तो खातोय, पुढच्याला मिळतच नाही. थोडा वेळ थांब, हे मागचं जाईल निघून." तिने फोन परत दिला. "ज्याने काढलंय ना, त्याने नेमका तो क्षण पकडलाय. अजून कोणालाच कळलेलं नाही, फक्त त्या शिडाला कळलंय."

दोन वर्षं मी ते चित्र बघत होतो. तिने ते पाच मिनिटं, तेही तळहाताएवढं बघितलं होतं.

गुरुवारी मी साहेबांसमोर उभा राहिलो. साहेब चिडखोर नाहीत. ते आलेला प्रत्येक कागद पूर्ण वाचतात, त्यामुळे लोक त्यांना घाबरतात.

"टिपणी तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. चुकलो. वारा मागून आहे."

"हे कोण म्हणतं?"

"आई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, परवा चित्र चुकीचं होतं, आज बरोबर आहे. म्हणणी दोन, माणूस एकच. मी कशावर विश्वास ठेवू? आपल्याकडे एखाद्याने नळाला पाणी नाही म्हटलं तर आपण काय करतो?"

"प्रत्यक्ष पडताळणी."

"मग करा. उद्या बारा वाजता मी येतो. सिद्ध झालं तर राहील. नाहीतर खाली जाईल."

आमच्या खात्याचा हा नियम जुना आहे. जागेवर जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं मानायचं नाही. एकदा एका गृहस्थांनी टाकीत कासव आहे अशी तक्रार केली, तेव्हा पडताळणीला तीन माणसं गेली आणि 'कासव हजर' असा अहवाल आला. पण कासव टाकीत असतं. समुद्र मी कुठून आणणार होतो?

"टाक्या वाळवायचा ब्लोअर आहे ना," हेडक्लार्क बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि माझ्या खुर्चीला चाकं आहेत."

शुक्रवारी साडेअकराला तक्रार विभागाचं बंदर झालं. ब्लोअर माणसाच्या कमरेएवढा, चालू केला की डोक्यातले विचार कानावाटे बाहेर जातात. चाकांच्या खुर्च्या दोन. चादरी आणायला मी आईला सांगितलं होतं, पण चादरी माझ्या हाती द्यायला ती तयार नव्हती, म्हणून स्वतःच घेऊन आली. बाबा आले ते झेंडा मागे जाताना बघायला. तारमास्तर कशाला आले ते विचारायची सोय नव्हती. रांगेत उभे असलेले अकरा तक्रारदार कोणी न सांगता भिंतीला लागून उभे राहिले. एकाने माझ्या खिडकीत ठेवलेला अर्ज परत घेतला आणि म्हणाला, "हे होऊ दे आधी."

आई मात्र चित्रासमोर जाऊन उभी होती. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होती. ब्लोअर लावा, खुर्ची सरकवा, असा गोंधळ चालला होता आणि ती हातातली चादर छातीशी धरून नुसती बघत होती.

बरोबर बारा वाजता साहेब आले. (घड्याळात पावणेपाच झाले होते, ते कायमच असतात.)

पहिली पडताळणी: झेंडा. मी खुर्चीत बसलो, दोन्ही हातांनी चादर डोक्यावर ताणून धरली, खुर्चीच्या पाठीला फूटपट्टी आणि तिला माझा रुमाल. ब्लोअर सुरू झाला. चादर फुगली. खुर्ची कुरकुरली, विचार केल्यासारखी थांबली आणि निघाली. सगळ्यांनी रुमालाकडे बघितलं. तो पुढे, अगदी सरळ पुढे, माझ्या कानावर फडफडत होता. टेबलावरचे एकोणीस तक्रार अर्जही त्याच दिशेने गेले. एवढ्या वेगाने ते आधी कधी पुढे सरकले नव्हते.

साहेब खुर्चीबरोबर चालत आले, वाकून रुमाल बघितला आणि वहीत लिहिलं. "झेंडा पुढे," ते म्हणाले. "मान्य."

मी बाबांकडे बघितलं. ते बराच वेळ रुमालाकडे बघत राहिले. मग तारमास्तरांना म्हणाले, "माझी गाडी वाऱ्यापेक्षा जोरात जायची ना. म्हणून झेंडा मागे जायचा." हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि त्यांनी ते तीस वर्षांच्या अभिमानाने सांगितलं.

दुसरी पडताळणी: हरणार कोण. पुढच्या खुर्चीत मी. मागच्या खुर्चीत, ब्लोअर आणि माझ्यामध्ये, कोण बसणार याबद्दल क्षणभर कुजबुज झाली. हेडक्लार्क बाईंनी चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि बसल्या.

"बाई, तुम्ही कशाला," साहेब म्हणाले.

"खुर्ची माझी आहे," बाई म्हणाल्या.

आईने त्यांच्या हातात मोठी चादर दिली आणि कसं धरायचं ते दाखवलं. "खालची टोकं घट्ट. त्याच्या अगदी मागे राहा, आणि वेग आला की जरा बाजूला व्हा." मला कोणी काही सांगितलं नाही. मी हरणाऱ्या जहाजावर होतो.

ब्लोअर सुरू झाला. मी पुढे होतो, दोन हात पुढे. मग माझी चादर लुळी पडली. ती डोक्यावर आली, नाकावर आली, आणि आत गरम अंधार झाला. त्या अंधारात मला मागून चाकांचा खडखडाट ऐकू येत होता. तो जवळ आला, माझ्या डाव्या कानाशी आला, पुढे गेला. चादर बाजूला केली तेव्हा हेडक्लार्क बाई ताठ बसून, चादर गच्च फुगवून, साहेबांना ओलांडून दारातून बाहेर पडत होत्या. चोवीस वर्षांत त्या पहिल्यांदाच वेळेआधी कार्यालयाबाहेर गेल्या. पोर्चमध्ये शिपाईकाकांनी त्यांना अडवलं आणि सवयीने विचारलं, "रजेचा अर्ज दिलाय का?"

तक्रारदारांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या विभागात टाळ्या कशा वाजतात ते मला त्या दिवशी कळलं. जरा घुमतात.

साहेब चित्रापाशी गेले. चष्मा वर करून पुढच्या जहाजाचं खालचं शीड जवळून बघितलं. मग मागच्याचं. मग पुन्हा पुढच्याचं.  ब्लोअर कोणीतरी बंद केला.

"दर महिन्याला मी इथून जातो," ते म्हणाले. "कधी बघितलं नाही." मग आईकडे वळले. "आपण हे कुठे शिकलात?"

"गच्चीवर," आई म्हणाली. "चौतीस वर्षं झाली."

"आणखी काही दिसतं का यात?"

आईने बोट दाखवलं. "हे सदरे. चिमटे लावलेले नाहीत. वारा मागून आहे, उडाले तर पुढच्या जहाजावर जाऊन पडतील. मग हे मागचे लोक आपल्याच कपड्यांजवळून पुढे निघून जातील." मग जरा संकोचून म्हणाली, "त्या मुलाची टोपीही तिकडेच चाललीय."

साहेबांनी तक्ता मागवला, माझी टिपणी एका सरळ रेघेने खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहायला लागले. दुसऱ्या रकान्यात: 'दोन जहाजांची शर्यत. मागचे जिंकेल. अजून कोणास ठाऊक नाही.' चौथ्या रकान्यात, माहिती देणाऱ्याची पात्रता: 'गच्ची, चौतीस वर्षे.'

तिसरा रकाना राहिला होता. भिंतीवरच्या माझ्या सगळ्या नोंदी तिथे एकाखाली एक होत्या: घड्याळ बंद, पंखा बंद, सूचना पेटी बंद. साहेबांचं पेन थोडा वेळ हवेत राहिलं. त्यांनी एकदा वर चित्राकडे बघितलं, आणि लहान, सरळ अक्षरात लिहिलं: 'चालू.'